सावकाश होऊ द्या

"तारीख कुठं गेली?" तब्बसुमनं विचारलं.

मी तिच्या खुर्चीमागं उभा होतो. तिच्यासमोर मी नव्यानं लिहिलेली मेल उघडलेली होती, आणि वाचून झाल्यावर ही मुलगी दोन शब्द बरे बोलेल एवढ्या आशेनं मी तिथं ताटकळलो होतो. तर हिनं तारीख विचारली.

"खाली 'नियम पाहा' असं लिहिलंय ना, तिथं दाबलं की दिसते," मी म्हणालो.

"आधी वरच होती. लाल अक्षरात."

"तब्बसुम, आपण कुणाला जेवायला बोलावलं तर पान कधी उचलणार ते दारातच सांगतो का?"

ती हसली. पलीकडच्या टेबलावरचे दोघंही हसले. मला माझंच बोलणं इतकं आवडलं की त्या आठवड्यात मी ते आणखी दोन ठिकाणी वापरलं. अकरा वर्षं झाली त्याला. आता कुठल्याही पंगतीत पान वाढून आलं की ते वाक्य आठवतं आणि घास फिरतो.

आमची कंपनी सांगलीला विश्रामबागेत होती. चौदा माणसं, दोन खोल्या आणि एक गॅलरी. 'वाटाड्या' नावाची आमची वेबसाइट होती. नर्सिंग, आयटीआय, शिवणकाम, असल्या कोर्सेसचे अर्ज तिच्यावर भरले जायचे. अर्ज भरला की पुढची पत्रं वेबसाइट स्वतःच पाठवायची. अर्ज मिळाला, अर्ज अपूर्ण आहे, निवड झाली, निवड झाली नाही, अशी एकूण बावीस पत्रं. ती मुळात आमच्या प्रोग्रामर पोरांनी लिहिलेली होती आणि वाचणाऱ्याला वाटावं, आता दारात पोलीस येणार. 'आपला अर्ज अपूर्ण आहे. १५ जूनपर्यंत कागदपत्रे न जोडल्यास अर्ज बाद करण्यात येईल. या मेलला उत्तर देऊ नये.' ते वाचून खेड्यापाड्यातल्या बायकांची पाचावर धारण बसायची. त्या फोन करायच्या, आणि मदतीच्या फोनवर एकटी तब्बसुम दिवसाला दोनदोनशे फोन घेऊन घसा बसवून घ्यायची.

म्हणून रणदिवे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची. मी मराठीचा एमए, आधी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो, इथं माहितीपत्रकं लिहायचो. सर म्हणाले, "बोडस, ही पत्रं जरा माणसाळवा. तुम्हालाच जमेल ते." माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरतं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. बावीस पत्रं घासूनपुसून लख्ख केली. 'अर्जदार' काढून टाकलं, आणि नावापुढं आपोआप ताई किंवा दादा लागेल अशी सोय करून घेतली. 'उत्तर देऊ नये' हे तर मला फारच तुसडं वाटलं, ते पहिल्या दिवशीच उडवलं. अडलं ते अपूर्ण अर्जाच्या पत्रापाशी. काही केल्या त्यात धमकी यायचीच. मग एका रविवारी मिरजेला चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीला गेलो होतो. काका पंगतीतून हात जोडून फिरत होते आणि प्रत्येक पानासमोर किंचित वाकून म्हणत होते, सावकाश होऊ द्या. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली होती, ती तशीच खाली ठेवली. मिळालं, म्हटलं.

सोमवारी पत्र तयार. 'नमस्कार अमुकताई, तुमचा अर्ज आमच्याकडे सुखरूप पोचला. फक्त अनुभवाचा दाखला तेवढा राहिला आहे. घाई नाही, सावकाश होऊ द्या. आम्ही आहोतच.'

तारीख मीच काढली. ती त्या वाक्यांत कुठंही बसेना. वर ठेवली की पाहुण्याला दारातच घड्याळ दाखवल्यासारखं वाटे, खाली ठेवली तर 'घाई नाही'ला खोटं पाडे. आता एखादा म्हणेल, मग 'घाई नाही' काढायचं होतं. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ते वाक्य मला फार आवडलं होतं.

पुढं काय झालं ऐका. फोन दोनशेवरून चाळीसवर आले. सरांनी जयसिंगपूरहून भडंग मागवला, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि सांगितलं की पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं ही पत्रं पाहिली आहेत, बोडसांना तिथं येऊन त्यावर बोलायचं बोलावणं आहे, वीस जूनला, शनिवारी. मी इतका शेफारलो की घरी जाताना नवा शर्ट घेतला. फोन का कमी झाले, हा प्रश्न कुणाला पडला नाही. लोक निर्धास्त झाले होते, म्हणून विचारत नव्हते. त्यांना निर्धास्त करणारा मी होतो, आणि मलाही पडला नाही.

अठरा जूनला, गुरुवारी सकाळी, तब्बसुमनं फोनवर हात धरून मला हाक मारली. "उन्मेषदादा, तुम्हीच बोला. ह्या बाईंना पत्र लिहिणाऱ्याशीच बोलायचंय."

कौतुकाचाच फोन असणार म्हणून मी ऐटीत गेलो.

बाईंचं नाव मालन खिलारे. जत तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस. बारा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होत्या, नाकं पुसत होत्या, वजनं करत होत्या. मिरजेजवळच्या एका संस्थेत नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स होता आणि त्यात पाच जागा अंगणवाडीत काम करणाऱ्या बायकांसाठी राखून ठेवलेल्या. वयाची अट पस्तीस. मालनताईंना ऑगस्टमध्ये पस्तिसावं संपणार होतं, म्हणजे हे शेवटचंच वर्ष. बारावी त्यांनी लग्नानंतर बाहेरून केली होती, ती याच कोर्ससाठी. अर्ज भरला, अनुभवाचा दाखला तेवढा राहिला. तो सही करून द्यायचा सुपरवायझर बाईंनी, आणि बाईंच्या मुलीचं लग्न होतं दहा जूनला.

हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या. मागं शेजारच्या शाळेतली पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. त्या म्हणाल्या, लग्नाला मी गेले होते की, चार दिवस आधी जाऊन राबले, पंगतीला वाढलंसुद्धा. दाखल्याचा कागद पिशवीत घडी घालून नेला होता. पण लग्नघरात सही कुठं मागायची? बाईंच्या डोळ्याला पाणी, पाव्हण्यांची वर्दळ. आणि तुमचं पत्र होतंच. बाईंना ते वाचूनही दाखवलं, त्या म्हणाल्या मग पूजा होऊ दे, निवांत करू. सतरा तारखेला सही झाली. तशीच जतला कॉम्प्युटरच्या दुकानात कागद जोडायला गेले तर तिथला पोरगा म्हणतो, मुदत पंधरालाच संपली.

मी समोरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"तर साहेब, ते पत्र कुणी लिवलंय, त्यास्नी जरा इचारता का?" मालनताई म्हणाल्या. "त्यास्नी ठावं असंल. घाई न्हाई म्हणून त्येंनीच सांगितलंय."

मला एवढंच म्हणायचं होतं की मी लिहिलंय, ताई. तीन शब्द. परवा शनिवार होता, पुण्याला जायचं होतं, शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. हे सगळं तेवढ्यात डोक्यात येऊन गेलं.

"ते पत्र कोणी लिहीत नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवरून आपोआप जातं."

"आपोआप?"

"हो."

"त्यात माझं नाव हाय की. मालनताई म्हणून."

"तेही आपोआप."

पाढे चालूच होते. सात सक्कं बेचाळीसपाशी पोरं अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कोण तरी माणूस हाय." आणि फोन ठेवला.

तब्बसुम समोरच बसली होती, तिनं माझी बाजू सगळी ऐकली होती. तिनं संस्थेला फोन लावला, प्राचार्या कुरणे मॅडमना पकडलं आणि अर्धा तास त्यांचा पिच्छा सोडला नाही. मॅडम कडक पण सरळ बाई. त्या म्हणाल्या, पाचातल्या दोन जागा रिकाम्याच आहेत, कुणावर अन्याय होत नाही. उद्या, शुक्रवारी, समितीची बैठक आहे. तुमच्या कंपनीनं लेखी द्या की पत्रात मुदत नव्हती, चूक तुमची आहे, उमेदवाराची नाही. मी अर्ज घ्यायला लावते.

रणदिवे सरांनाही मी दोष देऊ शकत नाही. देता आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आपली चूक असेल तर तसं लिहा, मी सही करतो. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?"

मी बसलो लिहायला. पहिला खर्डा दोन मिनिटांत झाला. 'या पत्रात अंतिम तारीख नव्हती. ती मी काढली होती. चूक आमची आहे, मालन खिलारे यांची नाही.' संपलं. तेवढंच हवं होतं. प्रिंट काढायला उठलोसुद्धा.

मग पुन्हा एकदा वाचलं, आणि वाटलं, जरा बोडकं दिसतंय. सुधारायला घेतलं.

'ती मी काढली होती' हे कंपनीच्या पत्रात बरं दिसत नाही, म्हणून 'काढण्यात आली होती' केलं. मग वाटलं, 'काढण्यात आली' म्हणजे काही चोरीबिरी झाल्यासारखं वाटतंय, म्हणून 'मजकूर सुटसुटीत करण्यात आला होता'. 'तारीख नव्हती' हे तरी पूर्ण खरं कुठं होतं? नियमांच्या पानावर होतीच की. तेव्हा 'अंतिम तारीख संकेतस्थळावर सर्वांसाठी उपलब्ध होती'. 'चूक'चा 'गैरसमज' झाला, आणि 'गैरसमज'ची 'समजण्यात काहीसा फरक झाला असण्याची शक्यता'. प्रत्येक वेळी एकच शब्द बदलत होतो. प्रत्येक वेळी वाक्य आधीपेक्षा चांगलं होत होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. मुद्रितं तपासताना लागलेली सवय, कान तयार झालेला. शेवटी जे उतरलं ते असं: 'सदर पत्र स्वयंचलित असून, अंतिम तारीख संकेतस्थळावर सर्वांसाठी उपलब्ध होती, तथापि संबंधित उमेदवाराच्या समजण्यात काहीसा फरक झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही विनंती.'

वाचलं. कुठं टोचत नव्हतं. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं.

सरांनी वाचलं आणि खुशीत मान हलवली. म्हणाले, "वा बोडस, कुणालाही लागणार नाही असं लिहिलंत," आणि सही केली. तब्बसुमला ते संस्थेला पाठवायचं होतं. तिनं दोनदा वाचलं.

"दादा, यात मालनताई कुठायत?"

"संबंधित उमेदवार म्हणजे त्याच ना."

"आणि तुम्ही?"

मी म्हणालो, वेळ होतोय, पाठव. तिनं पाठवलं. त्यानंतर ती मला दादा म्हणाली नाही, सर म्हणायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी कुरणे मॅडमचा फोन आला. समितीतल्या एका सदस्यानं आमचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. म्हणाले, कंपनीच सांगत्येय की तारीख उपलब्ध होती आणि फरक बाईंच्या समजण्यात झाला, मग आपण नियम कशाला मोडायचा? मॅडम मला म्हणाल्या, "एक साधी ओळ मागितली होती हो मी." आवाज चढवला नाही त्यांनी. मी सॉरीही म्हणालो नाही. म्हणालो, आम्ही आमच्या परीनं प्रयत्न केला.

शनिवारी पुण्याला गेलो. नवा शर्ट घालून तासभर बोललो. पडद्यावर तेच पत्र लावलं होतं, सावकाश होऊ द्या. टाळ्या पडल्या. महिन्याभरात तिथली नोकरीही मिळाली.

सांगली सोडायला चार दिवस उरले असताना तब्बसुम माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद ठेवून गेली. 'उत्तर देऊ नये' ही ओळ मी उडवल्यापासून लोक आमच्या पत्रांना उत्तरं पाठवत होते. ती एका खात्यात साठत होती आणि ते खातं कुणीच उघडत नव्हतं. तब्बसुमनं महिन्याच्या शेवटी साफ करायला उघडलं, तेव्हा तिला हे दिसलं.

ते एकोणिसाव्या पत्राला उत्तर होतं. निवड न झालेल्यांचं पत्र, तेही मीच लिहिलेलं. 'मालनताई, या वेळी योग जुळून आला नाही. पण तुमची जिद्द आम्ही पाहिली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा भेटूच.' पुढच्या वर्षी त्या छत्तीस वर्षांच्या होणार होत्या. पण ते पत्र आपोआप जातं, त्याला कुणाचं वय कळत नाही.

उत्तर असं होतं:

'नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुमची पत्रं कॉम्प्युटर पाठवतो असं तुमच्यातले एक साहेब फोनवर बोलले. तरी आलेल्या पत्राला उत्तर द्यायची आमच्यात रीत आहे, म्हणून पुतणीकडून हे लिहून घेत आहे. तुम्ही अनुभवाचा दाखला मागितला होता. तो सोबत जोडला आहे. आता उपयोग नाही, पण मागितलेली वस्तू दिली नाही असं नको. तुमचं पहिलं पत्र मी छापून घेतलं होतं. आमच्या सुपरवायझर बाई वाचून म्हणाल्या, कोणीतरी चांगल्या घरचं माणूस दिसतंय. फोनवरच्या साहेबांना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी काही लिहिलं नव्हतं. तुमच्यात कोणी माणूस असलं तर उत्तर द्यावं. घाई नाही. सावकाश होऊ द्या.'

खाली दाखला होता. श्रीमती मालन खिलारे या बारा वर्षे मदतनीस म्हणून काम करत असून त्यांची वागणूक उत्तम आहे. सही, शिक्का, सतरा जून.

मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रडू आलं नाही. लाज वाटली, आणि त्या लाजेतही डोक्यात पहिला विचार हा आला की यातलं एकही वाक्य सुधारता येणार नाही.

पुण्यात आता माझ्या हाताखाली सहा मुलं काम करतात. आमच्या प्रत्येक पत्रात पहिल्या ओळीत तारीख असते, ठळक, लाल. नवीन मुलं कुरकुरतात, सर, फारच तुसडं वाटतं हो. मी म्हणतो, वाटू दे. का, ते त्यांना कधी सांगितलेलं नाही.

मालनताई आता सेहेचाळीस वर्षांच्या असतील. त्यांचा पत्ता दाखल्यावर आहे, तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. उत्तर लिहायला मी दर वर्षी जूनमध्ये बसतो. पहिलं वाक्य लगेच येतं आणि बरोबर येतं. 'ते पत्र मी लिहिलं होतं.'

मग मी ते सुधारायला घेतो.